देवीनंच सोडली, असं सांगावं का?

रविवारी सकाळी माझ्या माहेरच्या सोप्यात पुतणीचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा. खोबरेल तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची. तेल कोमट झालं की ते बोटांनी केसांच्या मुळापासून टोकापर्यंत लावायचं. मग गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला टॉवेल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, पोळत नसेल तर डोक्याला गुंडाळायचा. तो गार झाला की दुसरा. असं वीस-पंचवीस मिनिटं. पुतणी याला 'हेअर स्पा' म्हणायची आणि पार्लरचे पैसे वाचवले म्हणून खूश असायची. वहिनी याला 'पाण्याचा नास' म्हणायची.

आमच्या कडेगावात पाण्याचा नास ही साधी शिवी नाही. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून शिवार हिरवं दिसतं, पण माझं बालपण घागरी मोजण्यात गेलं. घरच्या बोअरचं पाणी अजूनही जड आहे. साबणाला फेस येत नाही, आणि डोक्यावरून न्हालं की केस काथ्यासारखे होतात. पुतणीचा सगळा खटाटोप या काथ्याविरुद्ध होता.

तो बघत सोप्याच्या कोपऱ्यात आत्या बसलेली असायची. तिच्या डोक्यावर जट होती. शेहेचाळीस वर्षांची.

आत्याला नवऱ्यानं टाकलं तेव्हा ती ऐन विशीत होती. माहेरी आली आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. सरकारी कामावर दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी प्यायच्या पाण्यासाठी रांग. डोक्यावरून न्हायला पाणी कुठलं आणि तेल कुठलं? केसांत खडीची धूळ बसली, घाम बसला, गुंता झाला. गुंता सोडवायला वेळ नव्हता, तो घट्ट झाला. मग एका बाईनं सांगितलं की हा गुंता नाही, यल्लम्मा आलीय. आजीचा त्यावर विश्वास नसावा, कारण तिनं एरंडेल लावून एक बट सोडवायला घेतली. पंधरा दिवसांत माझा धाकटा काका तापानं गेला.

त्यानंतर त्या केसांना कुणी फणी लावली नाही. मंगळवार-शुक्रवार हळदकुंकू तेवढं लागायचं.

मी शाळेत शिक्षिका. सासर-माहेर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. त्यामुळे आत्याला शहाणं करायची मला भरपूर संधी होती आणि मी ती सोडली नाही. केस म्हणजे केराटीन, मेलेली वस्तू, तिच्यात देवी राहत नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! ती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "तुज्या बुकात आसंल तसं. पर तुमची समद्यांची घरं माज्या मानंवर हायती."

या वाक्याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली. मी समजत होते की आत्या देवीला घाबरते. ती स्वतःसाठी घाबरतच नव्हती. जट ठेवली तर दादा, वहिनी, मी, आमची पोरं सुखरूप राहणार, असा तिचा हिशेब होता. मान दुखायची, उशीवर डोकं सरळ टेकायचं नाही, उन्हाळ्यात वास यायचा म्हणून ती लग्नकार्यात मागं बसायची. हे सगळं ती आमच्यासाठी वाहत होती. म्हणजे मी जेव्हा तिला 'ही अंधश्रद्धा आहे' म्हणत होते, तेव्हा तिच्या कानावर पडत होतं, 'तू आयुष्यभर जे सोसलंस त्याचा कुणालाही काही उपयोग झाला नाही.' असं ऐकून घेऊन कोण लगेच कात्री मागेल?

२०१९ च्या थंडीत एका रविवारी ती पुतणीला म्हणाली, "त्यो टावेल माज्या मानंला लाव गं जरा."

पुतणीनं लावला. आत्यानं डोळे मिटले. पुढच्या रविवारी ती सांगायच्या आधीच पाटावर येऊन बसली. जटेला वाफ द्यायची नाही हे आम्ही दोघींनी ठरवलं होतं. इतकी जुनी, दाट जट एकदा आतून ओली झाली की लवकर वाळत नाही, खाली कातडीला बुरशी धरू शकते. म्हणून टॉवेल मानेला आणि कपाळाच्या कडेला, आणि कोमट तेल फक्त जटेच्या काठाला, जिथं नवे केस उगवून आत ओढले जात होते तिथं.

या उपचारात नेमकं काय घडतं? जाहिराती 'पोषण' म्हणतात, ते खरं नाही. त्वचेबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला भूक नसते. पण पाण्यात तो फुगतो, त्याची जाडी सुमारे १४ ते १६ टक्क्यांनी वाढते. केराटीनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे काही बंध कच्चे असतात. पाण्यानं आणि उष्णतेनं ते सुटतात, म्हणून केस मऊ पडतो, वळवू तसा वळतो. खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्यानं ते थोडे आतही शिरतात. मुंबईतल्या दोन संशोधकांनी २००३ साली दाखवलं की त्यामुळे केसातलं प्रथिन कमी झिजतं. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. पण मुख्य गोष्ट ही की हे कच्चे बंध कायमचे सुटत नाहीत. केस वाळताना ते पुन्हा जुळतात, आणि वाळताना केस ज्या आकारात धरलेला असेल त्याच आकारात जुळतात. पक्के बंध तर नुसत्या पाण्याला दादच देत नाहीत.

सहाव्या की सातव्या रविवारी जटेच्या काठाची बोटभर बट पुतणीच्या हातात मोकळी झाली. तिनं आरसा आणला. आत्यानं ती बट चाचपली आणि घाबरून विचारलं, "आपसूक सुटली का?"

पुतणी हुशार. ती पटकन म्हणाली, "होय आज्जी, देवीच सोडतीय बघ. तिचं काम झालं आता."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. घरात शिकलेली मी. मी मान हलवली असती तर त्याच आठवड्यात जट निघाली असती, याबद्दल मला आजही शंका नाही.

तेवढ्या क्षणात सुचलं नाही, पण नंतर मी पुतणीची बाजू अनेकदा मांडून पाहिली आहे आणि ती लेचीपेची नाही. एक तर खोटं बोलण्यात आमचा कसलाच स्वार्थ नव्हता. मान आत्याची दुखत होती. दुसरं, जी भाषा तिला कळते त्या भाषेत बोलणं म्हणजे फसवणूकच, असं थोडंच आहे? आपण लहान मुलाला, मरणाऱ्या माणसाला असंच काहीबाही सांगतो. तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. खरं बोलण्याचा माझा हट्ट आत्यासाठी होता, की माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून? इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. मारेकरी दाराशी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल तरी खोटं बोलू नये, असं त्यात आहे. वाचताना वाटतं, या माणसाला मित्रापेक्षा स्वतःचा नियम प्यारा आहे. आपल्याकडं युधिष्ठिराच्या अर्धसत्याची गोष्ट सांगतात, तीही त्याच्या रथाची. जमिनीपासून वर चालणारा रथ खाली टेकला, म्हणजे बोलणाऱ्याचं किती नुकसान झालं ते. ज्यानं ऐकलं त्या द्रोणाचं काय, हा प्रश्न मागं पडतो.

मला वाटतं, विचार ऐकणाऱ्याच्या बाजूनं करायला हवा. 'देवीनं सोडली' हे ऐकून आत्याच्या हाती काय आलं असतं? एक सुटका आली असती, पण ती देवीच्या मर्जीची. जी सोडते ती पुन्हा धरूही शकते. शिवाय देवीच्या मनातलं सांगणारी पहिली बाई १९७३ साली होती, दुसरी मी झाले असते. माझा हेतू चांगला होता, पण खुर्ची तीच. उद्या तिसरी कुणी येऊन त्या खुर्चीत बसली असती, तर तिला 'तू खोटं बोलतेस' म्हणायचं माझं तोंड राहिलं नसतं. भीतीचा पक्का बंध तसाच ठेवून मी फक्त कच्चा बंध ओला केला असता.

मी म्हणाले, "न्हाई आत्या. तेलानं आणि गरम टॉवेलानं सुटली. देवीचं मला काय ठाऊक न्हाई. पण सुटती, एवढं खरं. काढायची का ठेवायची ते तू सांग. आत्ता नको सांगू."

'आत्ता नको' हे मी मुद्दाम म्हटलं. मानेवर गरम टॉवेल असताना माणूस कशालाही हो म्हणतो. केस कापणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की ओला केस लांब दिसतो, वाळला की आखडतो. त्यावर माप घेतलं तर फसतं.

आत्या उठून आत गेली. पुढचे तीन रविवार ती पाटाकडं फिरकली नाही. पुतणी माझ्याशी धड बोलेना. मान परत दुखू लागली होती, रात्री कण्हणं ऐकू यायचं, असं वहिनीनं सांगितलं. माझ्या खरेपणाची किंमत मी देत नव्हते, ती देत होती. त्या तीन आठवड्यांत मला स्वतःचा अभिमान वाटला नाही, हे इथं नोंदवायलाच हवं.

आमच्या भागात हे काम नवं नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव बायकांच्या जटा सोडवत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव मूळच्या ब्युटी पार्लर चालवणाऱ्या. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाल्यावर त्या या कामात उतरल्या आणि त्यांनी शंभराहून अधिक बायकांच्या जटा काढल्या. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदाही झाला. पण कायदा भोंदूला पकडू शकतो. घाबरलेल्या बाईच्या डोक्यावरची जट कापायला तिची मान तिनंच पुढं करावी लागते.

चौथ्या रविवारी आत्या आली. टॉवेल नको म्हणाली. कोरड्या डोक्यानं माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "काढ. पर उद्या कुनाला काय झालं तर ते माज्यावर न्हाई. तू तुज्यावर घे."

मी घेतलं. 'असं काही होत नसतं' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तो तिच्या अटीला उत्तर नसून पळवाट झाली असती.

एवढी जुनी जट उकलत नाही, कापावीच लागते. मुळाशी तेल लावून, कातडीला धक्का न लावता मी आणि पुतणीनं ती दीड तासात कापली. रक्त आलं नाही. खाली जखमा होत्या, त्या महिन्याभरात भरल्या. ती पहिल्या रात्री उताणी झोपली, असं वहिनी म्हणाली.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझा दादा करोनानं गेला.

सांत्वनाला आलेल्या दोघी-तिघींची नजर आत्याच्या डोक्याकडं गेली. तिथं आता चार बोटं पांढरे केस होते. तेराव्यापर्यंत आत्या पदर कपाळापर्यंत ओढून बसायची. मी तिच्यासमोर जायचं टाळत होते. मी माझ्यावर घेतलं होतं ना!

तेराव्याच्या संध्याकाळी तिनंच मला हाक मारली. म्हणाली, "तुजा बा गेला तवा जट हुतीच की डोक्यावर."

एवढंच. हा हिशेब तिचा तिनं केला होता. देवीनं सोडली असं मी तेव्हा म्हटलं असतं, तर देवीनं दादाला नेलं हा हिशेब तिला करावा लागला असता, आणि तो खोडायला माझ्याकडं काही उरलं नसतं. म्हणून मी बरोबर वागले, असं म्हणता येईल.

पण कधीकधी वाटतं, ती हे स्वतःला पटलं म्हणून बोलली की माझा चेहरा बघून? शेहेचाळीस वर्षं आमची घरं मानेवर वाहिलेली बाई ती. त्या संध्याकाळी तिनं माझं ओझंही गुपचूप उचललं नसेल कशावरून? मी तिला खरं सांगितलं म्हणून तिनं मला खरंच सांगितलं असेल, असं गृहीत धरण्याचा हक्क मला नाही. विचारायचं धाडसही झालेलं नाही.

पुतणीचं लग्न झालं, ती आता पुण्याला असते. रविवारी मीच माहेरी जाते. बोअरचं पाणी अजून तसंच जड आहे. वाटी पातेल्यात ठेवते, टॉवेल पिळते, मनगटाला लावून बघते. आत्या पाटावर बसते आणि दर वेळी म्हणते, "लई पानी नास्तीस गं."