पांढऱ्या बगळ्यांतला फरक

महाराष्ट्रात २०२० पासून शासनाच्या वतीने साजरा होणारा पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला, निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी सुरू होतो आणि १२ नोव्हेंबरला, पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिनी संपतो. या सप्ताहात हिंगोली जिल्ह्यात पक्षी ओळखण्याच्या वर्गासाठी पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर जलाशयाचा काठ पुस्तकाहून सोयीचा, कारण तेथे ओळखखूण, म्हणजे एका जातीला तिच्यासारख्याच दुसरीपासून वेगळे करणारे लक्षण, डोळ्यांनी पडताळता येते: दोघेही पांढरे, पण लहान बगळ्याची चोच काळी व पावले पिवळी, तर गायबगळ्याची चोचच पिवळी. गायबगळा गुरांच्या पायांनी उडालेले किडे कसे टिपतो, हे शेतकऱ्याला आधीच ठाऊक असते. तेवढा वेळ शिकवणाऱ्याने ऐकून घ्यावे. विणीच्या हंगामात मात्र गायबगळ्याचे डोके व मान केशरी होते, आणि नवखा निरीक्षक त्याला तिसराच पक्षी समजतो.