गेरू सगळ्यांचा, कापड कोणाचं?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लाखनीकडे, साकोलीकडे, लाखांदूरकडे, गावागणिक दिवस वेगळा. त्यामुळे पाहुणे या गावाहून त्या गावाला फिरत राहतात. दंडार, खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ, रात्री नाटक. खाली बोलणारे मामा-भाची माझ्या कल्पनेतले आहेत, पेच मात्र खरा आहे. मामांनी उमेदीची वर्षं खडी गंमतीत ढोलकी वाजवली. भाची चित्रकला शिकून आली आहे आणि तिला मंडईत पांढरं मांजरपाट टांगायचं आहे. बाजूला गेरूचे वाडगे. ज्याला जे सुचेल ते त्यानं काढावं, लिहावं.

भाची: लोक येतात, पाहतात, जातात. मला त्यांचा हात हवाय, मामाजी.

मामा: आमच्या गंमतीत कोण नुसतं पाहत होतं व पोरी? चहूकडून माणसं, मधात आम्ही. बक्षीस आलं की देणाऱ्याचं नाव घ्यायचं, गाणं पुन्हा म्हणायचं. नाही आवडलं तर लोक तोंडावर उठून जायचे. नाटकात तर ‘वन्स मोअर’ आला की मेलेला राजाही उठून गातो.

भाची: पण लगाम तुमच्याच हाती. प्रेक्षकानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. माझ्या कापडावर माझी एक रेघही नसेल.

मामा: म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून चूल दाखवायची!

भाची: हसा. १९७४ साली इटलीत, नेपल्समध्ये मारिना अब्रामोविच नावाच्या कलावतीनं टेबलावर ७२ वस्तू मांडल्या. गुलाब, मध, कात्री, पिस्तूल, एक गोळीसुद्धा. सहा तास ती निमूट उभी राहिली. लोकांनी तिच्यावर काहीही वापरावं. आधी लोक जपून वागले. मग कपडे फाडले, कातडीवर पातं फिरवलं. पिस्तूल तिच्यावर रोखेपर्यंत मजल गेली, तेव्हा प्रेक्षकांतलेच काही मधे पडले.

मामा: आणि ती बाई जागची हलली नाही?

भाची: नाही.

मामा: मग ती बाई खरी. जे व्हायचं ते तिच्या अंगावर. तू कुठं असशील?

भाची: दूर. मी दिसले तर लोक बिचकतील.

(कलादालनात वावरणारे आम्ही समीक्षक प्रेक्षक किती मोकळा झाला ते मोजत बसतो. मांडणारा कुठं उभा आहे, हे सहसा विचारत नाही.)

मामा: बरं. रात्री कोणी गावातल्या एखाद्या पोरीचं नाव घेऊन घाण लिहिलं तर?

भाची: पुसलं तर माझं आमंत्रण खोटं. ठेवलं तर...

मामा: ठेवलं तर भोगेल ती, जी मंडईत आलीसुद्धा नव्हती. नेपल्सवालीनं स्वतःचं अंग पुढं केलं होतं. तू दुसरीचं करतेस.

भाची: तिसऱ्या माणसाला पूर्ण वगळून कला होत नाही. मुंबईच्या शिल्पा गुप्तांचं २००७ चं काम आहे. पिशवीवर लिहिलेलं, की यात स्फोटक नाही. प्रेक्षकांनी ती पिशवी घेऊन लंडनच्या रस्त्यावर जायचं. रस्त्यावरच्यांना कोणी विचारलं होतं? पण ते दचकतात म्हणून तर कळतं, की भीती पिशवीत नाही, आपल्या डोक्यात आहे.

मामा: दचकणारा दोन मिनिटांत आपल्या वाटेनं जातो. गावातली पोरगी कुठं जाईल? गंमतीत कोणी वाह्यात बोललं तर सोंगाड्या तिथल्या तिथं त्याची अशी उतरवायचा, की गडी मंडई उठेपर्यंत तोंड दाखवायचा नाही. तुझं कापड काय उत्तर देईल?

भाची: म्हणजे मी पहारा करू? मग ते कापड माझंच झालं.

मामा: होतंच तुझं. गेरू कोणी कालवला?

भाची: बरं, पुसते. पण चुन्याचा पट्टा दिसू देते. इथं काहीतरी पुसलंय हे लपवणार नाही.

मामा: आणि गाव रात्रभर त्या पट्ट्यापाशी उभं राहून विचारेल, नाव कोणाचं होतं?

भाची: मग तिलाच विचारते, पुसू की ठेवू.

मामा: विचारायला जाशील तेव्हाच तिला कळेल, की असं काही लिहिलं गेलं.

भाची: म्हणजे टांगूच नको?

मामा: तसं कुठं म्हटलं मी? टांग. बांबू मी देतो. अंधार पडला की उतरव, एवढंच.

भाची: अंधारातच लोक मनातलं लिहितील, मामाजी. दारूच्या गुत्त्याबद्दल, रोजगार हमीच्या कामावर अडकलेल्या मजुरीबद्दल दिवसाढवळ्या कोणाची हिंमत होईल? घाण लिहिणाऱ्याला अंधार लागतो, तसा गरिबालाही लागतो.

मामा: हे मात्र बरोबर बोललीस. मंग असं कर, रात्री मीच बसतो तिथं. म्हाताऱ्याला कोण बिचकतं?

भाची: तुम्ही सरपंचांचे सोयरे. तुमच्यासमोर तर कोणी वाडग्याला हातही लावणार नाही.