झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला व्यवहार चांगला कळत असला पाहिजे. माणूस कितपत कळत होता, याविषयी मात्र मला शंका आहे. मूठ आवळून धरणाऱ्याचा हात किती दुखतो, याचा त्या सव्वा लाखात कुठेच हिशेब नाही.

मी फुलंब्रीत मास्तरकी करतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. शाळेला कधी उशीर नाही, वह्या वेळच्या वेळी तपासलेल्या, घरात तंटा नाही, डोक्यावर कर्ज नाही. गावाच्या लेखी मी सुखी माणूस आहे. तरीही गेली कित्येक वर्षे माझ्या मनावर एक बारीक उदासी पसरलेली आहे. तिला कारण नाही, म्हणून तिची तक्रारही करता येत नाही. सांगायला जावे तर लोक म्हणतील, “मास्तरांचे सुख दुखते आहे!”

आमच्या भागात पावसाळ्यात कधीकधी झड लागते. मुसळधार पाऊस येतो आणि जातो. त्याची चर्चा होते. झड चार-चार दिवस नुसती भुरभुरत राहते. तिच्यासाठी कोणी छत्रीही उघडत नाही. पण जुन्या मातीच्या भिंतींना खरे भय तिचेच. पाणी आत मुरत जाते, आणि वरून भिंत उभीच दिसते.

या झडीला वैद्यकात नाव आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९८० साली ‘डिस्थायमिक डिसऑर्डर’ अशी तिची नोंद झाली. २०१३ च्या आवृत्तीत तिला ‘पर्सिस्टंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’, म्हणजे चिवट उदासी, म्हटले गेले. मोठ्या माणसाचे मन किमान दोन वर्षे, बहुतेक दिवस खिन्न असते. शिवाय झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, आत्मविश्वास आणि उद्याची आशा यांपैकी दोन गोष्टी तरी बिघडलेल्या असतात. बोलून करायच्या उपचारांनी आणि औषधांनी तिला उतार पडू शकतो.

वैद्यकाचे काम वैद्य करतील. मला छळतो तो नीतीचा प्रश्न. आतून खचलेल्या माणसाने हसतमुखाने वावरावे, हे कर्तव्य की ढोंग?

माझ्यापुरते उत्तर असे की, वर्गात हसणे हे ढोंग नव्हे. समोरच्या मुलांनी माझ्या उदासीचा भार का वाहावा? पण भार दुसऱ्यावर न टाकणे वेगळे, आणि भार नाहीच असे साऱ्या जगाला भासवणे वेगळे. पहिल्यात माया आहे. दुसऱ्यात माणूस एकटा पडतो. आणि जग तरी काय पाहते? काम चालले आहे ना, मग माणूस ठीक! आमचा शेतकरी बैलाचीसुद्धा पारख अशी करत नाही. बैल औताला चालला एवढ्यावर तो समाधान मानत नाही. संध्याकाळी दावणीला तो रवंथ करतो की नाही, हे पाहतो.

गीतेचा पहिला अध्याय आठवा. त्याचे नाव ‘अर्जुनविषादयोग’. त्या विषादालाही योग म्हटले आहे. अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले, म्हणून त्याचा विषाद दिसला. त्याने तो सारथ्याला बोलून दाखवला, म्हणून पुढचे सतरा अध्याय घडले. आपल्यातल्या पुष्कळांच्या हातून गांडीव गळतच नाही. ते रोज उठून बाण मारीत राहतात. त्यांचा विषाद कोणाला दिसावा?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या २०१६ च्या चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्यात जगण्याला विटलेल्या एका तरुणाला एक बाई आपल्या घरी आणते. ती त्याला उपदेश करत नाही, खोदून विचारत नाही. नुसती जागा देते. डोळ्यांना दिसणाऱ्या कोसळण्याला एवढी शांत जागा लागते, तर न दिसणाऱ्या खचण्याला किती लागेल!

मी घरी सांगितले तेव्हा बायकोने ‘तुम्हाला काय कमी आहे?’ असे विचारले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “डॉक्टरांकडे जायचे तर सकाळची एस. टी. किती वाजता आहे?” उदासी त्या प्रश्नाने गेली नाही. पण ती आता दोघांना ठाऊक आहे, आणि दोघांना ठाऊक असलेले दुःख निराळ्या वजनाचे असते.

घरात सांगण्यासारखे कोणी नसेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून सुरू आहे; तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते.

वाचकहो, सणासुदीला असा विषय कशाला, असे आपल्याला वाटले असेल. पण याच दिवसांत घर भरलेले असते, फराळाची ताटे फिरत असतात, आणि ‘कसे काय?’ ‘बरे आहे!’ ही देवघेव दिवसातून पन्नास वेळा होते. त्यांपैकी एखाद्या ‘बरे आहे’नंतर लगेच चकलीचे ताट पुढे करू नका. क्षणभर थांबा. समोरच्याला आणखी काही बोलायचे असेल.