शस्त्राचे वजन

रायपूरच्या सदर बाजारात सराफी पेढ्यांची जुनी ओळ आहे. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत एखादा सराफ रात्री उशिरा पेढी बंद करून घरी निघतो, तेव्हा त्याच्याजवळच्या ऐवजाची कल्पना बाजारातील बऱ्याच जणांना असते. अशा माणसाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला आणि परवाना हाती आल्यावर कोणते पिस्तूल घ्यावे याची चौकशी आरंभली, तर त्याला कोणी वेडगळ म्हणणार नाही. तो वजन विचारतो, जाडी विचारतो, सदऱ्याखाली ते दिसेल की नाही हे विचारतो. हे सारे प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि त्यांची उत्तरे देणारे जाणकारही आहेत. परंतु या व्यवहाराच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो, आणि तो ग्राहकही विचारत नाही, विक्रेताही विचारत नाही. चारचौघांत वावरताना अंगावर झाकलेले शस्त्र बाळगणे म्हणजे त्या चारचौघांशी कोणते नाते जोडणे, हा तो प्रश्न होय.

पिस्तूल हलके असावे, ही अपेक्षा गेल्या अर्धशतकात विशेष बळावली. १९७० साली पश्चिम जर्मनीतील हेकलर अँड कोख या कारखान्याने पॉलिमरचा, म्हणजे बळकट प्लास्टिकचा, सांगाडा असलेले पिस्तूल बाजारात आणले. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्टोन ग्लॉक यांचे पिस्तूल स्वीकारले आणि या प्रकाराला जगभर मान्यता मिळाली. नळी आणि वरचा सरकता भाग पोलादी, मूठ आणि सांगाडा मात्र नायलॉनच्या कुळातील पदार्थाचा, अशी त्याची घडण. अमेरिकी सैन्याने दीर्घकाळ वापरलेले १९११चे पोलादी पिस्तूल रिकामे असता अकराशे ग्रॅमच्या आसपास भरते. ग्लॉकचे पहिले पिस्तूल सव्वासहाशेच्या आसपास. भारतात नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्यामुळे सर्वसाधारण परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा .३२ बोअरचे, धातूच्या सांगाड्याचे शस्त्र येते. पण हलकेपणाची ओढ इथेही पोचली आहेच. दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर, २०१४च्या आरंभी, कानपूरच्या सरकारी कारखान्याने टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले. त्याचे नाव ‘निर्भीक’, आणि किंमत लाखाच्या वर.

हलकेपणाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद सरळ आहे. जड शस्त्र माणूस घरी ठेवून निघतो. संकट मात्र तो बाहेर असताना येते. म्हणून जे अंगावर असल्याचे विसरता येईल, तेच शस्त्र उत्तम. व्यवहारापुरता हा विचार बिनतोड आहे. विचारी माणसाने थबकावे ते त्यातील ‘विसरता येईल’ या शब्दांपाशी. ज्या वस्तूने एका क्षणात दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, ती वस्तू जवळ असल्याचा विसर पडणे, हा त्या वस्तूचा गुण समजावा की बाळगणाऱ्याचा दोष?

आत्मरक्षणाचा हक्क येथे वादाचा विषय नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मातृभाषा मराठी आणि कर्मभूमी रायपूर असलेल्या माधवराव सप्रे यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्या ग्रंथातील ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात टिळकांनी अहिंसेचे श्रेष्ठत्व सांगून लगेच तिचे अपवाद मांडले आहेत. अंगावर चालून येणाऱ्या आततायीला मारण्यात दोष नाही, या मनूच्या वचनाचा आधार ते घेतात. आजचा कायदाही तेच सांगतो. जुन्या दंडसंहितेतील खासगी संरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. मात्र त्याच्या मर्यादाही कायम आहेत. बचावाला आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल, तर हा हक्क उरत नाही.

शास्त्र आणि कायदा दोघेही बोलतात ते एका क्षणाविषयी. आततायी समोर उभा आहे, शस्त्र उगारले गेले आहे, निवड करण्यास वेळ नाही, अशा क्षणाविषयी. पिस्तूल कमरेला लावून रोज घराबाहेर पडणाऱ्याचे आयुष्य त्या क्षणात जात नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो क्षण कधी येतच नाही. जे खरोखर जगावे लागते ते त्याआधीचे, वर्षानुवर्षांचे सज्ज राहणे. आततायी जन्माला येण्यापूर्वीच त्याच्यासाठी जागा राखून ठेवायची, आणि ती रिकामी असल्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाला क्षणभर तिथे उभे करून पाहायचे, असा तो मनोव्यापार असतो. क्षणाचे समर्थन करणारे वचन या दीर्घ सवयीचे समर्थन करील, असे गृहीत धरता येत नाही.

यातच शस्त्र झाकलेले असण्याचा प्रश्न येऊन मिळतो. पूर्वी कमरेची तलवार सर्वांना दिसे. ती धारण करणाऱ्याचा मान सांगे आणि समोरच्याला सावधही करी. आजचा नियम याच्या उलट आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नेलेले पिस्तूल पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या पुऱ्या ताब्यात असावे लागते. त्यामागचा हेतू योग्यच आहे. उघडे शस्त्र दुर्बळाला दरडावते, आणि वरातीत बार उडवणाऱ्यांनी त्याचे काय केले हे सर्वविदित आहे. अशा निष्काळजी गोळीबारासाठी २०१९च्या दुरुस्तीने स्वतंत्र शिक्षाच सांगितली. तरीही झाकण्याने एक गोष्ट घडते. उघड्या शस्त्रासमोरचा माणूस आपले वागणे ठरवू शकतो. झाकलेल्या शस्त्रासमोरच्या माणसाला ती मुभा नसते. दोघे बरोबरीने बोलत आहेत असे भासते, पण त्यांतील एकालाच ठाऊक असते की ही बरोबरी नाही.

शस्त्र झाकण्याची आपली सर्वांत परिचित कथा विराटपर्वातील आहे. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर बांधली आणि कोणी जवळ जाऊ नये म्हणून तिथे एक प्रेतही टांगले. कथा शस्त्र लपवण्याची असली, तरी लपवण्याची दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे. पांडवांनी शस्त्र दूर ठेवले आणि परक्या राजाच्या घरी आचारी, अश्वपाल, नृत्यशिक्षक होऊन ते खरोखरच शस्त्रावाचून वावरले. शस्त्र लपवून निःशस्त्र राहणे वेगळे, आणि निःशस्त्र असल्याचे भासवून सशस्त्र राहणे वेगळे. पहिल्यात माणूस जगावर काही काळ विश्वास टाकतो. दुसऱ्यात तो विश्वास टाकल्याचे केवळ दाखवतो.

यावर मराठी वाचकाच्या मनात प्रतापगड उभा राहील, आणि तो राहावाच. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि हाती झाकलेले शस्त्र घेऊन. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे काही काळासाठी साताऱ्यास आली. ती त्या प्रसंगातीलच आहेत असे ते संग्रहालयही ठामपणे म्हणत नाही; तरी ती पाहण्याची ओढ मराठी मनाला वाटली, कारण झाकलेल्या शस्त्राचे इतके निर्विवाद समर्थन आपल्या इतिहासात दुसरे नाही. मात्र ते समर्थन कशावर उभे आहे? शत्रू नावानिशी ठाऊक होता. तो सैन्य घेऊन आला होता. संशय दोन्ही बाजूंनी होता. भेट एका शामियान्यापुरती होती, आणि मराठी बखरींनुसार पहिला घाव खानाचा होता. त्या शस्त्रावर जणू एकाच माणसाचा पत्ता लिहिलेला होता. बाजारात, बसमध्ये, लग्नमंडपात रोज नेल्या जाणाऱ्या पिस्तुलावर असा पत्ता नसतो. प्रतापगडाचा दाखला देणाऱ्याने आपला खान कोण, हे आधी सांगितले पाहिजे.

पत्ता नसलेले शस्त्र पुढे कोठवर जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि पत्ता असूनही तो सर्वस्वी चुकीचा असू शकतो, याचे उदाहरणही मराठी माणसाला दूर शोधावे लागत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींसमोर जो तरुण आला, तो मराठी होता आणि त्याच्याजवळचे बेरेटा पिस्तूल झाकलेले होते. दहाच दिवसांपूर्वी, २० जानेवारीला, त्याच आवारात स्फोट झाला होता. तरी प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींनी संमती दिली नव्हती. याच गांधीजींनी पूर्वी, अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या ब्रिटिशांच्या शस्त्रकायद्याची कठोर शब्दांत निंदा केली होती. त्यांचा आक्षेप शस्त्र असण्याला नव्हता. भेटीस येणाऱ्या माणसाकडे आधी संशयाने पाहण्यास मात्र त्यांनी नकार दिला. झाकलेल्या शस्त्राने जीव घेतला तो अशा माणसाचा.

त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी संविधान सभेत हा प्रश्न तत्त्वाच्या पातळीवर आला. रायपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, आणि त्याच प्रांताचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी १९३१च्या कराची ठरावाची आठवण देऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र निर्वेधपणे घेता आले तर राज्य चालणार कसे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. म्हणून या देशात शस्त्र हा नागरिकाचा हक्क ठरला नाही. तो परवाना राहिला. परवाना म्हणजे समाजाने सकारण दिलेली आणि परत मागता येणारी मुभा. हा भेद केवळ कायद्याचा नाही. हक्क वापरणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही. मुभा वापरणाऱ्याला ते रोज स्वतःला सांगावे लागते.

हे सारे विवेचन सुरक्षित घरात बसून करणे सोपे आहे, असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. रात्रपाळी संपवून एकटी घरी परतणाऱ्या स्त्रीला विराटपर्व सांगून भागत नाही. पोलीस पोचण्यापूर्वी जे घडते ते तिलाच सोसावे लागते. रायपूरजवळच्या भिलाईत २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते ध्वनिफितीवर नोंदवूनही ठेवले होते. त्यांनी शस्त्र का जवळ ठेवले नाही, असे कोणी विचारील. पण ते झोपेत होते आणि गोळी खिडकीतून आली. उशाशी उत्तमातले उत्तम पिस्तूल असते तरी त्याचा उपयोग नव्हता. ठरवून, पैसे देऊन, अंधारातून येणाऱ्या मरणावर झाकलेले शस्त्र हा उपाय नाही. ते उपयोगी पडते ते आगाऊ चाहूल देणाऱ्या संकटात. आणि चाहूल लागली असता निसटणे, ओरडणे, ऐवज देऊन टाकणे असे इतरही मार्ग पुष्कळदा मोकळे असतात. म्हणून शस्त्र निरुपयोगी ठरते असे नाही. मात्र ‘निर्भीक’ हे नाव जेवढे वचन देते, तेवढे कोणतेच शस्त्र पाळू शकत नाही. भय जाणे आणि भय कमरेला बांधून फिरणे या दोन अवस्था एक नव्हेत.

तेव्हा सदर बाजारातल्या त्या सराफाने काय करावे? त्याला नकार देण्याचा अधिकार तत्त्वचिंतकाला नाही. ज्याचा धोका खरा आहे, नाव-ठिकाणासह सांगता येतो आणि कालमर्यादेत बसतो, त्याने शस्त्र घेणे गैर म्हणता येणार नाही. पण त्याबरोबर त्याच्यावर काही बंधने येतात, आणि ती परवान्यावर छापलेली नसतात. निःशस्त्र माणूस रस्त्यावरच्या भांडणात चार शब्द सुनावू शकतो, धक्क्याला धक्का देऊ शकतो. सशस्त्र माणसाला तेवढीही सवलत उरत नाही; कारण त्याच्या भांडणाचा शेवट कुठे होईल हे फक्त त्याला ठाऊक असते. त्याने अपमान गिळावा, वाट सोडावी, माघार घ्यावी. कमरेला पिस्तूल असलेल्याने रागावण्याचा हक्क घरी ठेवून निघावे लागते. शस्त्र पॉलिमरचे झाले म्हणून हे ओझे हलके होत नाही. पोलादाचे वजन निदान कमरेला जाणवत असे आणि धारकाला त्याच्या स्थितीची आठवण देत असे. ते वजन कारागिराने काढून घेतल्यावर ती आठवण धारकाने स्वतःच्या मनात जागी ठेवली पाहिजे. जो हे करू शकत नाही, त्याच्या हाती सव्वासहाशे ग्रॅमही फार झाले.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात अनेक मराठी कुटुंबे छत्तीसगढात स्थिरावली. रतनपूरला १७५८ ते १७८७ या काळात कारभार करणाऱ्या बिंबाजी भोसल्यांनी विजयादशमीस सोन्याची पाने देण्याची चाल या मुलखात आणली, असे तेथील इतिहासकार सांगतात. रायपूरच्या मराठी घरांतून आजही त्या दिवशी पाटावर शस्त्रांची पूजा होते आणि संध्याकाळी माणसे एकमेकांच्या हाती सोने देऊन गळाभेट घेतात. गळाभेटीत दोन माणसांच्या मध्ये काहीच उरत नाही. सदऱ्याखाली पिस्तूल असेल तर ते समोरच्याला लागते, किंवा ते लागू नये म्हणून भेट आखडती घ्यावी लागते. ज्याचे शस्त्र त्या संध्याकाळी घरी पाटावर हळदकुंकवाखाली आहे, त्यालाच पुरती भेट घेता येते. वर्षातल्या उरलेल्या दिवसांपैकी किती दिवस ते तिथेच राहू शकते, हा हिशोब प्रत्येक परवानाधारकाने स्वतःशी मांडून पाहावा.