तिसऱ्या बेडरूमचा हिशेब

मॅसॅच्युसेट्समधल्या एखाद्या गावात नव्या इमारतीचा प्रस्ताव आला की जाहीर सुनावणीत एक प्रश्न हमखास येतो: बेडरूम किती? एक-दोन बेडरूमच्या घरांवर फारशी कुरकुर होत नाही. पंचावन्न वर्षांवरच्या माणसांसाठी राखीव घरं तर गावं आपणहून मंजूर करतात. घोडं अडतं ते तिसऱ्या बेडरूमपाशी. तिसरी बेडरूम म्हणजे मुलं, आणि मुलं म्हणजे शाळेचा खर्च. हा प्रश्न विचारणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांतली कितीतरी स्वतः मुलांच्या शाळेसाठीच त्या गावात आलेली असतात. बॉस्टनभोवती घर घेणारी आम्ही मराठी कुटुंबंही याला अपवाद नाही. लेक्सिंग्टन, ॲक्टन, वेस्टबरो, श्रूजबरी ही नावं आमच्या बोलण्यात आधी शाळांची म्हणून येतात, गावांची म्हणून नंतर. घराच्या किमतीत शाळेची किंमत धरलेली असते आणि ती ज्याला मोजता येते तोच आत येतो.

या प्रश्नामागचा हिशेब समजून घ्यायला हवा. इथे शाळा गावाची असते आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग गावच्या मालमत्ता करातून येतो. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी २० हजार डॉलरहून अधिक खर्च होतो. एका साध्या घराचा कर त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय १९८० मध्ये मतदारांनीच कायदा करून घेतला, की नव्या बांधकामाचा कर सोडून गावाची एकूण करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची असेल तर पुन्हा मतदारांकडे जावं लागेल. मग दोन मुलांचं कुटुंब साध्या घरात राहायला आलं, की गावाच्या खतावणीत ते तोट्याच्या बाजूला पडतं.

हे ऐकताना मला महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट आठवतो. तिथे शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो आणि संचमान्यतेत पदं ठरतात ती पटावरून. म्हणून नवं वर्ष सुरू होण्याआधी गुरुजी आणि बाई घरोघर फिरून दाखलपात्र मुलं शोधतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याचा विचार २०२३ मध्ये सरकारने पुढे आणला, तेव्हा गावोगावी धास्ती होती ती पट घटण्याची. इथल्या गावाला धास्ती वाटते पट वाढण्याची. आपल्याकडची व्यवस्था आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही, तिचे हाल आपण जाणतो. पण एखादं मूल गावाला हवंसं वाटावं की ओझं, हे गावकऱ्यांच्या स्वभावापेक्षा पैसा कुठून येतो यावर ठरतं, एवढं या दोन टोकांवरून दिसतं. घरांचा आणि शाळेच्या पैशाचा संबंध जोडायचा तो इथून.

घरांच्या बाजूने मॅसॅच्युसेट्सने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९६९ च्या चॅप्टर ४० बी या कायद्याने प्रत्येक गावापुढे दहा टक्के परवडणाऱ्या घरांचं उद्दिष्ट ठेवलं. उद्दिष्टाच्या खाली असलेल्या गावाने तशा घरांचा प्रकल्प नाकारला, तर बांधकाम करणाऱ्याला राज्याच्या समितीकडे दाद मागता येते. हा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये मतदारांपुढे आला आणि त्यांनी तो फेटाळला. पुढे २०२१ मध्ये नवा कायदा झाला: बॉस्टनच्या एमबीटीए या वाहतूक व्यवस्थेच्या पट्ट्यातल्या १७७ गावा-शहरांनी अनेक कुटुंबांच्या इमारतींना आपसूक परवानगी मिळेल असा किमान एक भाग आखून द्यायचा.

मिल्टन हे बॉस्टनला खेटून असलेलं गाव. तिथल्या टाऊन मीटिंगने, म्हणजे गावाच्या निर्णयसभेने, तशी आखणी मंजूर केली, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सार्वमत घेऊन गावाने ती रद्द केली. राज्याने गावाला समुद्रकाठची भिंत दुरुस्त करण्यासाठी दिलेलं सुमारे १ लाख ४० हजार डॉलरचं अनुदान काढून घेतलं आणि ॲटर्नी जनरल कोर्टात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि तो पाळायला लावण्याचा ॲटर्नी जनरलचा अधिकार मान्य केला. मात्र त्याच्या अंमलबजावणीचे नियम योग्य पद्धतीने जारी केले नव्हते, म्हणून ते राज्याला नव्याने करावे लागले. लेक्सिंग्टनचं उदाहरण मला याहून जास्त विचारात पाडतं. कायदा मनापासून पाळणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक होतं. २०२३ मध्ये त्याने हवा होता त्यापेक्षा कितीतरी मोठा भाग खुला केला. मग खरोखरच प्रस्तावांची रांग लागली, आणि २०२५ मध्ये टाऊन मीटिंगने तो भाग बराच आक्रसून टाकला. त्या चर्चेतही शाळा होतीच.

समुद्राच्या भिंतीचे पैसे काढून घेतल्याने गाव नमत नाही, मग शाळेचेच पैसे रोखा, असं म्हणणारे आता भेटतात. त्यांचा संताप मला पटतो, उपाय पटत नाही. राज्य गावांना शाळेसाठी जे मुख्य साहाय्य देतं, ते चॅप्टर ७० मधून. गरीब गावाला त्यात जास्त मिळतं आणि श्रीमंताला कमी. अगदी सधन गावालाही राज्याने ठरवलेल्या किमान शालेय खर्चाच्या साडेसतरा टक्क्यांच्या आसपास मिळावं असं सूत्र आहे. पण ही गावं त्या किमानाच्या कितीतरी वर खर्च करतात, त्यामुळे राज्याचा पैसा त्यांच्या शाळेत चिमूटभरच असतो. तो थांबला तर गाव कर वाढवेल आणि फाटक बंदच ठेवेल. दुसऱ्या टोकाला लॉरेन्स किंवा होल्योक. तिथल्या शाळा जवळजवळ राज्याच्याच पैशावर चालतात, पण तिथे परवडणारी घरं दहा टक्क्यांच्या वर आहेत, त्यामुळे त्यांना शिक्षेचा प्रश्न येत नाही. मग फटका कोणाला? मधल्या गावांना, जिथे फार पैसाही नाही आणि दहा टक्के घरंही नाहीत. तिथे एक शिक्षक कमी होईल, चाळीस मुलांचा वर्ग होईल, आणि ज्यांनी मतदान केलंच नाही अशी सात-आठ वर्षांची मुलं तो दंड भरतील.

याला कायद्याचीही बाजू आहे. १९९३ च्या मॅकडफी खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १७८० च्या राज्यघटनेचा अर्थ लावून सांगितलं, की श्रीमंत गावातलं असो वा गरीब, प्रत्येक मुलाला शिकवणं हे राज्याचं कर्तव्य आहे. त्याच वर्षी शाळांच्या पैशाची आजची व्यवस्था उभी राहिली. हे मुलाचं देणं आहे, गावाला दिलेलं बक्षीस नाही. गाव चुकलं म्हणून मुलाचं देणं थांबवता येत नाही.

उलट दिशेचा जोड या राज्याने करून पाहिला आहे. २००४ मध्ये चॅप्टर ४० आर आला: स्टेशनजवळ किंवा गावठाणात दाट वस्तीचा भाग आखा, त्यातली वीस टक्के घरं परवडणारी ठेवा, राज्य रोख पैसे देईल. गावांनी शाळेच्या खर्चाची तक्रार केलीच, म्हणून पुढच्या वर्षी ४० एस आला. अशा घरांत आलेल्या मुलांवर होणारा खर्च त्या घरांचा कर आणि वाढीव साहाय्य यांतून भरून निघाला नाही, तर तूट राज्य भरेल. गावाची सबबच यात राहत नाही. प्रत्यक्षात ते पैसे मिळण्याची वेळ फार थोड्या गावांवर आली, कारण मुलांचा तो लोंढा आलाच नाही. बॉस्टन भागाच्या नियोजन मंडळाने २०१७ मध्ये राज्यातल्या शाळांचा पट आणि घरबांधणी ताडून पाहिली, तेव्हा नवी घरं वाढली म्हणून पट वाढला असा ठोस संबंध त्यांना आढळला नाही. पट मुख्यतः जुन्या घरांत कोण राहायला येतं त्यावर हलतो. इमारत नवी दिसते म्हणून बोट तिच्याकडे जातं.

तरीही ४० एसने गावं हलली नाहीत, आणि याचं उत्तर फक्त पैशात शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. भीतीचा एक भाग हिशेबाचा आहे, दुसरा हद्दीचा. आपल्या मुलाच्या बाकावर शेजारी कोण बसणार, हा प्रश्न सुनावणीत कोणी मोठ्याने विचारत नाही. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वस्त्या आखायला मनाई केली. १९२६ मध्ये त्याच न्यायालयाने झोनिंगला, म्हणजे कुठे काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांना, मान्यता देताना स्वतंत्र घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला बांडगुळ म्हटलं. त्यानंतर हद्द राखण्याचं काम बरंचसं भूखंडाच्या आकाराने आणि बेडरूमच्या संख्येने केलं. १९७४ च्या डेट्रॉइटच्या खटल्यानंतर शालेय जिल्ह्याची हद्द ओलांडून मुलांना एकत्र आणण्याचा मार्गही जवळजवळ बंद झाला. उरला तो एकच: मुलांची घरंच त्या हद्दीच्या आत असणं.

त्याने काय होतं, हे मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत दिसलं. तिथे संपूर्ण काउंटीचा एकच शालेय जिल्हा आहे. १९७४ पासून मोठ्या गृहप्रकल्पांना काही घरं परवडणाऱ्या दरात द्यावी लागतात आणि त्यांतली काही काउंटीची गृहसंस्था विकत घेऊन गरीब कुटुंबांना सोडतीने देते. सोडत असल्यामुळे कोणाचं मूल कुठल्या शाळेत जातं हे नशिबाने ठरलं, आणि संशोधनाला नेमकं तेच हवं होतं. हेदर श्वार्ट्झ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सधन वस्तीच्या शाळांत गेलेल्या या मुलांनी प्राथमिक शाळा संपेपर्यंत सुस्थितीतल्या मुलांशी असलेलं गणितातलं अंतर निम्म्यावर आणलं. त्याच काळात काउंटी गरीब वस्तीच्या शाळांवर जास्तीचा पैसा खर्च करत होती. त्या पैशापेक्षा पत्त्याने जास्त काम केलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की जोड हवाच, पण तो मुलाच्या रोजच्या पैशाशी नको. तो इमारतीच्या पैशाशी हवा. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा बांधायला मदत करणारं स्वतंत्र प्राधिकरण आहे. विक्रीकरातून विक्रीच्या दर डॉलरमागे एक सेंट त्याला मिळतो आणि शाळेच्या मान्य खर्चापैकी किमान ३१ टक्के, गरीब गावाला ८० टक्क्यांपर्यंत, ते देतं. सधन गावांना राज्याकडून मोठी रक्कम हवी असते ती इथेच. कोट्यवधी डॉलरचं नवं हायस्कूल उभारायचं तर करवाढीसाठी मतदारांपुढे जावं लागतं, आणि राज्य किती देणार या आकड्यावर ते मतदान हलतं. इथे राज्याने हात आखडला तर कोणाचा शिक्षक जात नाही, कोणाचा वर्ग फुगत नाही.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे. गळक्या छपराखाली बसणारं मूलही मूलच आहे. म्हणून छप्पर, बॉयलर, खिडक्या यांची दुरुस्ती या अटीबाहेर ठेवावी, आणि नव्या इमारतीतही मूळ टक्केवारीला हात न लावता वरचा वाटा घरांशी बांधावा. ज्या गावाने परवडणारी घरं प्रत्यक्ष उभी राहू दिली, तीन बेडरूमची घरं नाकारली नाहीत, त्याला दहा टक्के जास्त. कागदावर झोनिंग करून थांबलेल्याला त्यातलं काही नाही. जोडीला ४० एसची हमी फक्त आखलेल्या भागापुरती न ठेवता प्रत्येक परवडणाऱ्या घराला द्यावी.

अशी तरतूद आजच्या नियमांत अगदीच नाही असं नाही. प्राधिकरणाच्या प्रोत्साहन गुणांच्या तक्त्यात ४० आर आणि ४० एस स्वीकारणाऱ्या गावासाठी एक ओळ आहे. जुन्या इमारतींची देखभाल नीट ठेवणाऱ्या गावाला त्या तक्त्यात दोन टक्क्यांपर्यंत वाढीव मदत मिळते. घरांसाठी जागा करून देणाऱ्याला त्या ओळीखाली जास्तीत जास्त एक.