रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

माझ्या फाइलमधला पहिला ईसीजी आता जवळजवळ कोरा झाला आहे. २०१८ च्या पावसाळ्यात काढलेला. त्या गुळगुळीत कागदावरची रेघ उष्णतेने उमटते आणि काही वर्षांत विरत जाते. म्हणून जुने डॉक्टर ‘याची झेरॉक्स काढून ठेवा’ असं बजावतात. मी काढली नव्हती. आज त्या कागदावर गुलाबी चौकटी तेवढ्या उरल्या आहेत. त्यावरची रेघ निर्दोष होती, आणि तरीही पुढची चार वर्षं मी छातीवर हात ठेवून काढली.

त्या दिवशी डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडली होती. तेव्हा फास्ट गाड्या दिवा सोडलं की पारसिकच्या बोगद्यात शिरत. १९१६ साली सुरू झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा एरवी कधी आला-गेला कळत नसे. त्या दिवशी गाडी आत थांबली. मोबाइलची रेंज गेली. आणि जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसा छातीत एक ठोका चुकला. मग एक दणका, थेट घशापर्यंत. मग धडधड. हातांना मुंग्या, कपाळाला घाम, तोंडात आंबट पाणी. चौथ्या सीटवरच्या बाईंनी उठून मला बसवलं, कुणीतरी पर्समधून आवळासुपारी काढून दिली. एक जण म्हणाली, “पित्त झालंय गं, सकाळी काही खाल्लं नसशील.” दुसरी म्हणाली, “एकदा हार्टचं बघून घे. माझे दीर असेच गेले.”

दोघीही मायेनेच बोलल्या. पण त्या दोन वाक्यांमध्ये मी चार वर्षं हेलपाटे घातले. पित्त असेल म्हणून गोळी घ्यायची, धडधड थांबली नाही की हृदय असेल म्हणून ईसीजी, तो नॉर्मल आला की पुन्हा पित्त. टूडी इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, चोवीस तास छातीला होल्टर बांधून झालं, एन्डोस्कोपी झाली. प्रत्येक वेळी मला एकच वाक्य ऐकवलं गेलं: “तुम्हाला काहीही झालेलं नाही.” माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य चुकीचं आहे. माणसाला घरी पाठवताना ते उच्चारणं थांबलं पाहिजे.

कारण काहीतरी होत असतंच. निरोगी हृदयसुद्धा दिवसभरात लाखाच्या आसपास ठोके देतं आणि त्यांतला एखादा वेळेआधी पडतो. तो अर्धवट भरलेल्या कप्प्याचा, म्हणून जाणवत नाही. मग क्षणभर विराम येतो, तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका दणक्यासारखा लागतो. आपण ज्याला ‘ठोका चुकला’ म्हणतो तो चुकलेला नसतो, लवकर पडलेला असतो. चोवीस तास नोंद ठेवली तर धडधाकट माणसांपैकी बहुतेकांत असे ठोके सापडतात. दुसरीकडे अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला मागून अगदी लगटून खाली उतरते. दोघांच्या वेदना मेंदूकडे नेणारे चेतातंतू जवळपास एकाच वाटेने जातात, त्यामुळे जळजळ कुठली आणि कळ कुठली हे मेंदूलाही नेमकं सांगता येत नाही. पोट गच्च भरलं, वायू धरला की श्वासपटल वर सरकतं. पोटातून हृदयावर होणाऱ्या या परिणामांचं वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केलं आणि त्या लक्षणसमूहाला त्यांचं नाव मिळालं. त्याही आधी, १८७१ मध्ये, जेकब दा कोस्टा यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडीवर लिहिलं होतं. त्या सैनिकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता, धडधड मात्र खरी होती.

डब्यातल्या त्या दोघी एकाच दुखण्याची दोन टोकं सांगत होत्या. तिसरं टोक कुणीच सांगितलं नाही. ठोका जाणवला की भीती वाटते, भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने ठोके आणखी लवकर पडतात, घाबरून आपण हवा गिळतो, पोट फुगतं, ढेकर येतात आणि पुन्हा छातीत दणका. ‘हायपोकोंड्रिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा असा आहे, म्हणजे पोटाचा वरचा भाग. दुखण्याच्या धास्तीचं घर त्या काळच्या वैद्यांनी तिथेच मानलं होतं. मराठीतही धास्तीने पोटात गोळा येतो आणि काळजात धस्स होतं.

हे सगळं मला समजावून सांगायला पाच मिनिटं पुरली असती. ती मिळाली चार वर्षांनी.

भीतीला आधार नाही असं मला अजिबात म्हणायचं नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं मध्यक वय दक्षिण आशियात ५३ आढळलं, इतर देशांत ५८.८. सप्टेंबर २०२१ मध्ये अभिनेता सिद्धार्थ शुक्ला चाळिसाव्या वर्षी गेला, पुढच्याच महिन्यात कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार शेहेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी लोकांची रीघ लागली. ती माणसं मूर्ख नव्हती. बायकांच्या बाबतीत तर उलटा धोकाही आहे. बाईचा झटका पुष्कळदा मळमळ, थकवा, पाठीत कळ अशा रूपात येतो आणि घरचे ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा चावायला देतात. चालताना, जिना चढताना छाती आवळली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, चक्कर येऊन शुद्ध हरपली, घराण्यात कमी वयात कुणी अचानक गेलेलं असलं, तर आधी हृदयच तपासायचं. यात मानसशास्त्र आणायचं नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. नीट तपासण्या होऊन निर्वाळा मिळाल्यावरही जी भीती उरते, तिचा.

या भीतीचं धोक्याशी प्रमाण नसतं, हे मला माझ्या गावात राहूनच कळलं. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसं मेली. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गाड्यांना लटकलो. त्या धोक्यावर आमच्यापैकी कुणाची झोप उडाली नाही, आणि त्या चार वर्षांत रात्री कुशीवर वळल्यावर उशीत ऐकू येणाऱ्या स्वतःच्या ठोक्यांनी मात्र मी टक्क जागी असे. मला वाटतं, लोकलचा धोका हजारजणींत वाटला जातो, त्याबद्दल संतापता येतं, बोलता येतं. छातीतला ठोका एकटीच ऐकते.

आणि ते ऐकण्याची साधनं घरोघरी आली आहेत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आला. त्यावर प्राणवायूच्या शेजारीच नाडीचा आकडा दिसतो. लाट ओसरली, आमचा ऑक्सिमीटर फ्रीजवरच राहिला. मी दूध काढताना बोट घालायची, भाजी ठेवताना घालायची. ९८ दिसलं की मिनिटभर बरं वाटे. त्या मिनिटभराच्या दिलाशाची सवय लागते आणि सवयीनेच भीती पोसली जाते, हे तेव्हा कळत नव्हतं. मनगटावरच्या घड्याळांनी आता तेच काम चोवीस तासांवर नेलं आहे. पूर्ण तपासणीची पॅकेजंही ठाण्यापासून बदलापूरपर्यंत विकली जातात. पन्नास चाचण्या केल्या की निरोगी माणसाचेही एक-दोन आकडे चौकटीबाहेर जाणारच. रिपोर्टवर ते ठळक छापलेले असतात आणि त्यांचा अर्थ सांगायला समोर कुणी नसतं. पूर्वी गल्लीतले फॅमिली डॉक्टर ‘तुझ्या आईलाही असंच व्हायचं’ म्हणत. त्या वाक्यात तीस वर्षांची नोंद असे. ते दवाखाने एकेक करून बंद होत आहेत.

पित्ताचं म्हणाल तर त्याला आमचं वेळापत्रक पुरेसं आहे. उपाशीपोटी चहा, दुपारी गार डबा, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री दहाला जेवण आणि साडेदहाला अंथरूण. झोपण्याआधी तीन तास जेवा, असा सल्ला मिळतो. तो अगदी बरोबर आहे. पण तीन तास आधी, म्हणजे साडेसातला, डोंबिवलीची बाई घाटकोपर-मुलुंडच्या मध्ये एका हाताने कडी धरून उभी असते. मग राहते ती गोळी, चिठ्ठीशिवाय मिळणारी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही औषधं चांगली आहेत, पण ती आपापल्या मनाने वर्षानुवर्षं घ्यायची नाहीत. दीर्घकाळ घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला होता. आणि मॅग्नेशियम घटलं तर ठोके अनियमित होतात. पित्तासाठी घेतलेली गोळी अशी धडधडीत भर घालू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारून ती किती दिवस घ्यायची हे ठरवून घ्यावं.

मग धास्तीवर उपचार का घेतले जात नाहीत? आमच्या भागात याचं उत्तर एका वाक्प्रचारात आहे: ‘ठाण्याला पाठवायला हवं.’ १९०१ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयामुळे अख्ख्या शहराचं नाव टोमणा झालं. ॲन्जिओग्राफीसाठी ठाण्याला उतरणं प्रतिष्ठेचं, मानसोपचारासाठी उतरणं लपवायचं. मीही लपवलं. ऑफिसात दाताचं काम सांगितलं. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी केली आणि मनाच्या आरोग्यावर मराठीत मोकळेपणाने बोलायला शिकवलं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, त्यालाही काही दशकं झाली. भाषा आहे, माणसं आहेत, गाडीही जाते. हृदयरोग झालेल्यांसाठी डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ घरोघरी गेलं. ज्यांना हृदयरोग नाही पण त्याची धास्ती आहे, त्यांच्या दुखण्याला अजून तशी मान्यता नाही.

माझा उपचार फार साधा होता. ऑक्सिमीटर शेजारणीला देऊन टाकला. नाडी बघायची नाही: आधी एक तास, मग सकाळपासून दुपारपर्यंत, मग दिवसभर. ‘माझा चेहरा पांढरा दिसतोय का?’ हे घरात विचारायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे धडधडीला मुद्दाम बोलवायचं. डोंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना मी घाईच्या वेळी न थांबता चढले, वर कठड्याला टेकून उभी राहिले, आणि हात मनगटाकडे जाऊ दिला नाही. हृदय खूप जोरात धावलं. खालून एक कर्जत गेली, एक सीएसएमटी आली. मग ते आपणहून हळू झालं. पहिल्या दिवशी मी रडले. पंधराव्या दिवशी चढून थेट गाडीत बसले. ठोके अजूनही अधूनमधून आधी पडतात.

या उपचाराला मोठ्या तज्ज्ञांची फौज लागत नाही. इंग्लंडमध्ये हृदयरोग, पचनसंस्था अशा बाह्यरुग्ण विभागांतल्या ४४४ धास्तावलेल्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. थोडक्या बैठकांत दिलेली ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली, फरक पाच वर्षांनंतरही टिकला, आणि ती देणाऱ्यांत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही होत्या. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इथल्या ओपीडीच्या रांगेत डॉक्टरला पाच मिनिटं मिळणार नाहीत हे मला दिसतं. पण ईसीजीच्या खोलीबाहेर एक प्रशिक्षित परिचारिका बसवणं महापालिकांना अशक्य नाही. तिने नॉर्मल रिपोर्टच्या मागे तीन ओळी लिहून द्याव्यात: तुम्हाला जे जाणवतं ते काय आहे, पुन्हा केव्हा यायचं, आणि केव्हा यायची गरज नाही.

तोवर दोन नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा, जिथे माझा ऑक्सिमीटर असायचा तिथे. छाती आवळून घाम फुटला तर १०८. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी निर्वाळा दिला आणि तरीही रात्री हात मनगटाकडे जात असेल तर टेली-मानस, १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.