विकतची शांतता

मनुष्याच्या डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. जे पाहावेसे वाटत नाही त्यापुढे तो डोळे मिटू शकतो. कानावर येणाऱ्या आवाजाला थोपविण्याची अशी सोय मात्र निसर्गाने त्याला दिलेली नाही. झोपेतही कान जागेच असतात. आई कितीही थकून झोपलेली असो, पाळण्यात मूल कुरकुरले की ती उठते. कानांची ही रचना उणीव म्हणावी की देणगी, हा प्रश्न पूर्वी फारसा कुणाला पडत नसे. आता तो पडू लागला आहे. कारण कानांना पापण्या लावून देणारे यंत्र बाजारात आले आहे, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची अधिक घट्ट मिटणारी आवृत्ती निघत आहे.

आपल्या बहुतेक कुटुंबांत एखादा मुलगा किंवा मुलगी मिळवती असते. वसईहून अथवा विरारहून चर्चगेटच्या दिशेने रोज तासभराचा प्रवास, तेथे दिवसभर काम आणि पुन्हा तितकाच प्रवास, असा तिचा दिनक्रम. एके रात्री जेवताना ती सहज सांगते की आपले हेडफोन जुने झाले, नवे फार सुरेख आले आहेत, ते घेणार आहे. किंमत ऐकताच आजोबांचा घास हातात राहतो. वडील म्हणतात, ‘‘आहेत ते चालतात ना?’’ मुलगी म्हणते, ‘‘माझ्या पगाराचे पैसे आहेत.’’ दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच वाद तेथे संपत नाही. या वादात कुठलाही पक्ष घेण्यापूर्वी ती वस्तू नेमके काय करते, हे पाहणे न्यायाचे होईल.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील लहर. हेडफोनमधील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरची लहर टिपतो, आतील विद्युत्मंडल तिच्या नेमकी उलट लहर तयार करते, आणि उंचवटा व खळगा एकमेकांत मिसळून पृष्ठभाग सपाट व्हावा तसे हे दोन आवाज एकमेकांना बऱ्याच अंशी मिटवितात. या कल्पनेचे पेटंट पाऊल लुएग या जर्मन संशोधकाला अमेरिकेत १९३६ साली मिळाले होते. परंतु ती व्यवहारात येण्यास अर्धे शतक लागले. बंगालमधून अमेरिकेत आश्रयाला गेलेले स्वातंत्र्यसैनिक ननी गोपाल बोस यांचे पुत्र, प्राध्यापक अमर बोस, १९७८ साली युरोपातून विमानाने घरी परतत होते. विमानातील हेडफोनवर संगीत ऐकताना इंजिनाच्या घरघरीने त्यांचा विरस झाला आणि त्यांनी प्रवासातच या प्रश्नाचे गणित मांडावयास घेतले. त्या कामातून १९८९ साली वैमानिकांसाठी हेडफोन बाजारात आले. सामान्य प्रवाशांपर्यंत ते २००० सालच्या सुमारास पोहोचले.

या इतिहासात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे साधन जन्मले ते यंत्राच्या आवाजाविरुद्ध. इंजिनाची घरघर, पंख्याची घुमघुम, रुळांवरील धडधड असा खालच्या पट्टीतील, एकसारखा आवाज त्याला सहज मिटविता येतो. मनुष्याचे बोलणे, मुलाचे रडणे, दारावरची थाप हे आवाज क्षणोक्षणी बदलतात, त्यांतील बराच भाग वरच्या पट्टीत असतो आणि ते उलट लहरीच्या हाती पूर्णपणे सापडत नाहीत. त्यांना अडविण्याचे काम मुख्यतः कानांवरील गादीवरच पडते. या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आधी मुलीची बाजू. आपल्या शहरांतील गोंगाट हा काही नाजूक कानांचा कांगावा नव्हे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रस्त्याकडेला राहणाऱ्या कुणाही वाचकाला ती कितपत पाळली जाते हे सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय, गोंगाटात साधे हेडफोन लावणारा मनुष्य बाहेरच्या आवाजावर मात करण्यासाठी आतला आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. तोच ९० डेसिबल झाला की ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. बाहेरचा गोंगाट कापला गेला तर आतला आवाज हलका ठेवता येतो. दोन खोल्यांच्या घरात रात्री अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला, किंवा ज्याच्या मेंदूला आवाजाचा मारा सोसतच नाही अशा मुलाला, हे साधन म्हणजे चैन नव्हे. तेव्हा ‘आमच्या काळी असली थेरं नव्हती’ असे म्हणून वडीलधाऱ्यांना मोकळे होता येणार नाही. त्यांच्या काळी रस्त्यावर इतकी वाहनेही नव्हती.

पण मुलीने मांडलेला प्रश्न हेडफोन असावेत की नसावेत, हा नाहीच. ते तिच्याजवळ आहेत. आहेत ते टाकून नवे घ्यावेत का, हा प्रश्न आहे. येथे थोडा हिशेब करून पाहू. सोनी कंपनीच्या एका प्रसिद्ध मालिकेची तिसरी आवृत्ती २०१८ साली निघाली, चौथी २०२०, पाचवी २०२२ आणि सहावी २०२५ साली. भारतात चौथी आली तेव्हा तिची किंमत सुमारे ३० हजार रुपये होती, सहावीची सुमारे ४० हजार. एकदा विद्युत्भारित केल्यावर, गोंगाट मिटविण्याची सोय चालू ठेवून, तिसरी आवृत्ती ३० तास चालते असे कंपनी सांगत होती. सहावीबद्दलही ती ३० तासच सांगते. वजन चारही आवृत्त्यांचे २५० ते २५५ ग्रॅमच्या दरम्यान. चौथी आवृत्ती घडी घालून पिशवीत ठेवता येत असे, पाचवीत ती सोय काढून टाकली आणि सहावीत पुन्हा आणली. जे काढून घेतले तेच नवे म्हणून परत विकण्याचा हा व्यवहार पाहून आपल्या बाजारातील भाजीवाल्या मावशींनाही हसू येईल.

सुधारणा झालीच नाही, असे मात्र नाही. गोंगाट टिपणारे मायक्रोफोन चौथ्या आवृत्तीत ४ होते, पाचव्यात ८ झाले आणि सहाव्यात १२. पण पहिली पायरी चढताना जो फरक जाणवतो तो पुढच्या पायऱ्यांवर कमी कमी होत जातो. साध्या हेडफोनवरून अशा हेडफोनवर येणारा मनुष्य चकित होतो. चौथ्यावरून सहाव्यावर जाणाऱ्याला फरक समजण्यासाठी दोन्ही आलटूनपालटून कानांवर ठेवून पाहावे लागतात. आपल्या भाषेने ही गोष्ट ‘नव्याचे नऊ दिवस’ या तीन शब्दांत केव्हाच सांगून ठेवली आहे. दहाव्या दिवशी कानांना नव्याची सवय होते, आणि बँकेचे हप्ते मात्र दहाव्या महिन्यातही चालू असतात.

अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दनी दिदरो याने आपल्या जुन्या झग्याविषयी एक मजेदार निबंध लिहिला आहे. त्याला एक उंची नवा झगा मिळाला. तो अंगावर चढताच खोलीतील जुनी खुर्ची, जुने मेज, भिंतीवरची चित्रे सारेच त्याला विद्रूप दिसू लागले. एकेक वस्तू बदलता बदलता घर पालटले, आणि जुन्या झग्याचा धनी असलेला हा गृहस्थ नव्याचा दास झाला. आपल्या जुन्या हेडफोनमध्ये बिघाड नसतो. दुसरे कुणी नवे दाखविले म्हणून ते जुने होतात. असमाधान वस्तूतून आले की तुलनेतून, एवढे स्वतःला विचारले तरी बरेचसे पैसे वाचतील.

फेकलेली वस्तू जाते कोठे, हेही पाहावयास हवे. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत्-उपकरणांचा कचरा झाला. त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातील कितीतरी माल गरिबांच्या वस्त्यांत हातांनी फोडला आणि जाळला जातो. आपण आपल्या कानांसाठी विकत घेतलेल्या शांततेचा धूर दुसऱ्याच्या छातीत जाणार असेल, तर तो हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

आता मघाचा मुद्दा. या यंत्राच्या पहिल्या पिढ्या इंजिन गप्प करीत. माणसाचा आवाज थोडाबहुत आत येऊ देत. अलीकडच्या आवृत्त्यांची मोठी बढाई ही, की त्या मधल्या आणि वरच्या पट्टीतील आवाजही, म्हणजे ज्या पट्टीत आपण एकमेकांशी बोलतो ते आवाजही, अधिक प्रमाणात कापतात. म्हणजे जादा दहा हजार रुपये आपण बऱ्याच अंशी माणसे गप्प करण्यासाठी देत असतो. कचेरीतील गलबल्यात याचा उपयोग आहे, हे मान्य. पण तीच पापणी घरातही मिटलेली राहू लागली म्हणजे? आजी स्वयंपाकघरातून दोन वेळा हाक मारते, तिसऱ्या वेळी मारीत नाही. ती रागावलेली नसते. ‘त्याला ऐकू जात नाही’ एवढे तिने मनाशी समजून घेतलेले असते. घरातील माणसाने हाक मारणे सोडून द्यावे, हे नुकसान कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. शांतता ही एके काळी सर्वांची होती, विहिरीच्या पाण्यासारखी. पाणी नासले म्हणून ज्यांना परवडते त्यांनी बाटलीतले पाणी विकत घेतले, आणि विहीर साफ करा असे म्हणणारे आवाज कमी झाले. शांततेचेही तसेच होऊ घातले आहे. ज्याच्या कानांवर चाळीस हजारांचे यंत्र आहे तो चौकातील ध्वनिक्षेपकाविषयी तक्रार कशाला करील? तक्रार करण्याचे बळ ज्याच्यापाशी आहे त्यालाच त्रास होईनासा झाला, तर उरतात ते अंथरुणाला खिळलेले रुग्ण, तान्ही मुले आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी घालणारे नियम नागरिकांनी वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजविल्याने बळकट झाले. ती माणसे कान झाकून बसली असती तर? आणि बोट दुसऱ्याकडेच दाखवून चालणार नाही. आपल्याही लग्नाच्या वरातींत आणि सणांच्या मिरवणुकींत रुग्णाच्या खिडकीखाली वाजंत्री थांबते का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

मग त्या मुलीला काय सांगावे? हेडफोन खरोखर निकामी झाले असतील, आतली बॅटरी तासाभरात मान टाकत असेल, आणि दुरुस्ती होत नसेल, तर तिने नवे जरूर घ्यावेत. त्यातही एक आवृत्ती मागची घेतली तर पदरात बहुतेक सर्व तेच पडेल आणि खिशात काही शिल्लक राहील. केवळ कानांवरच्या गाद्या फाटल्या असतील तर त्या थोड्या पैशांत बदलून मिळतात. जुने सुस्थितीत असतील आणि तरीही नवे हवेसे वाटत असतील, तर तीन महिने थांबावे. तीन महिन्यांनंतरही अडचण तीच असेल तर ती गरज. विसर पडला असेल तर ती हौस होती. हौस हे पाप नव्हे, पण तिने गरजेचे नाव घेऊ नये. वडिलांनीही एक गोष्ट करावी. दूरदर्शनसंचाचा आवाज थोडा कमी ठेवावा. घरातच थोडी शांतता मिळाली तर ती विकत आणण्याची निकड आपोआप कमी होईल.

अमेरिकन संगीतकार जॉन केज १९५१ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील पूर्णपणे निःशब्द अशा एका खोलीत गेला होता. तेथेही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक वरच्या पट्टीतला आणि एक खालच्या. ते स्वतःच्या शरीराचेच आवाज असल्याचे त्याला सांगण्यात आले. जिवंत माणसाला संपूर्ण निःशब्दता मिळत नाही. कितीही मायक्रोफोन वाढविले तरी मिळणार नाही. मिळू शकते ती निवड: कोणता आवाज बंद ठेवावयाचा आणि कोणत्या आवाजासाठी कान उघडे ठेवावयाचे. गाडीच्या धडधडीपुरती पापणी मिटावी. स्टेशनावर उतरल्यावर, रूळ आणि रस्ता ओलांडताना आणि घराच्या पायरीवर पाऊल ठेवताना ती उघडावी. एवढे काम जुने हेडफोनही चोख करतात.